स्क्रू-ड्रायव्हर आपल्या हातात
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



केंद्रातला लॅपटॉप हळू चालू लागला की आपण दोनच गोष्टी करतो. दुरुस्तीच्या दुकानात ठेवून येतो, नाही तर नव्यासाठी देणगीदार शोधतो. पण त्या लॅपटॉपमध्ये काय आहे? मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या बाईचा आजचा पत्ता आहे. तिचा जबाब आहे, वैद्यकीय कागद आहेत. पासवर्डसकट यंत्र दोन दिवस परक्या हाती देणं म्हणजे तिची फाइल चव्हाट्यावर ठेवणं. मेमरी वाढवायला पासवर्ड लागत नाही. ते काम आपलं आपल्यालाही करता येतं.

मेमरी म्हणजे रॅम, हा आपल्या स्वयंपाकघरातला ओटा समजा. डिस्क म्हणजे फडताळ. सगळं साठतं ते तिथं. चालू कामापुरतंच ओट्यावर येतं आणि यंत्र बंद केलं की ओटा रिकामा. ओटा लहान असला की सारखे डबे काढा-ठेवा करावे लागतात. यंत्र रेंगाळतं ते त्यामुळे.

पण ओटा खरंच अपुरा आहे का, ते आधी पाहा. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. 'परफॉर्मन्स'मध्ये 'मेमरी' बघा. किती आहे, किती भरली, किती स्लॉट वापरात आहेत, सगळं तिथं कळतं. रोजचं काम चालू असताना ती जवळजवळ भरलेली असेल तरच पैसे खर्च करा. ती निम्मीच भरत असेल आणि आत जुनी, फिरती हार्ड डिस्क असेल, तर तिच्या जागी एसएसडी घालणं अधिक उपयोगाचं.

रॅमची पट्टी घेताना जात बघावी लागते. डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. डीडीआर३ मध्येही १.५ व्होल्टची आणि १.३५ व्होल्टची असा फरक आहे. आपलं यंत्र जास्तीत जास्त किती मेमरी घेतं, ते कंपनीच्या माहितीपुस्तकात असतं.

आता प्रत्यक्ष काम. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, बॅटरी काढा किंवा तिची जोडणी सोडवा. धातूच्या वस्तूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. दोन्ही बाजूंच्या चिमट्या बाहेर ओढल्या की जुनी पट्टी तिरकी वर येते. नवी तशीच तिरकी सरकवून खाली दाबा. 'टक्' आवाज आला की बसली. पट्टी कडेनंच धरा.

हे 'पुरुषांचं काम' कधी झालं? १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला, त्या अपोलो यानाच्या संगणकाची कायम स्मृती अमेरिकेत रेथिऑन कंपनीच्या कारखान्यात बायकांनी विणली होती. चुंबकीय कड्यांतून तार ओवली तर एक, बाहेरून नेली तर शून्य. असे ३६,८६४ शब्द. त्या स्मृतीला अभियंत्यांनी थट्टेनं नाव दिलं 'म्हाताऱ्या बायांची मेमरी'. हात बाईचा, नाव मात्र इंजिनिअरचं. ही श्रमविभागणी आपल्या ओळखीचीच आहे!

आता तर कित्येक नव्या लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच डाखलेली असते. ती पुढे वाढवताच येत नाही. म्हणून खरेदीच्या वेळीच विचारा: रॅमचा स्लॉट आहे का? मागचं झाकण स्क्रूनं उघडतं का? देणगी मागतानाही हे लिहून द्या.

आणि यंत्र मोडीत देणार असाल तर रॅमची पट्टी खुशाल द्या, वीज गेल्यावर तिच्यात काही उरत नाही. डिस्क मात्र काढून आपल्याकडे ठेवा.

प्रत्येक गटातल्या निदान दोघींनी हे काम शिकावं आणि पुढच्या बैठकीत इतरांना शिकवावं. आपल्याकडे येणारी बाई तिचं गुपित आपल्या भरवशावर सोडून जाते. ते राखायचं तर यंत्राचं झाकणही आपल्याला उघडता आलं पाहिजे.