मॉर्टन, शार्को आणि पायाच्या नसा : सारख्या नावांचे वेगळे विकार

मॉर्टन आडनावाचे दोन अमेरिकन डॉक्टर पायाच्या वैद्यकात होऊन गेले. दोघांनी वर्णन केलेल्या गोष्टी वेगळ्या, काळही वेगळा. तरी ‘मॉर्टनचा न्यूरोमा’ आणि ‘मॉर्टनचे बोट’ ही नावे रुग्णांच्या बोलण्यात आणि कधीकधी केसपेपरवरही एकमेकांच्या जागी येतात. शार्को या फ्रेंच डॉक्टरांच्या बाबतीत उलटा प्रकार आहे : माणूस एकच, पण त्याच्या नावाचे पायाचे विकार दोन, आणि त्यांची कारणे पूर्णपणे निराळी. मनगटाचा ‘कार्पल टनेल’ आणि घोट्याचा ‘टार्सल टनेल’ यांच्यात तर उच्चारापुरतेच अंतर आहे. अशा नावांपैकी काहींचा घोळ झाला तर थोडा वेळ आणि थोडे पैसे वाया जातात. एका नावाचा घोळ झाला तर पाय कायमचा वाकडा होऊ शकतो. म्हणून त्या नावाकडे शेवटी सावकाश वळावे लागेल.

आधी नसांचा नकाशा. मराठीत ‘नस’ हा शब्द रक्तवाहिनीलाही चालतो, कंडरेलाही चालतो. येथे तो मज्जातंतू याच अर्थाने घ्यायचा आहे. मांडीच्या मागून येणारी सायटिक नस गुडघ्याच्या वर दुभंगते. तिची एक शाखा, टिबियल नस, पोटरीतून उतरून आतल्या घोट्याच्या मागून तळव्यात शिरते. तिथे तिचे पुन्हा दोन भाग होतात : आतला भाग अंगठ्याकडच्या साडेतीन बोटांना संवेदना देतो, बाहेरचा करंगळीला आणि शेजारच्या अर्ध्या बोटाला. टाचेच्या वाट्याला तिच्या छोट्या शाखा येतात. सायटिकची दुसरी शाखा, पेरोनियल नस, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाडाला वळसा घालून पुढे येते आणि पायाच्या वरच्या बाजूला पसरते. तिचा खोल भाग शेवटी अंगठा आणि दुसरे बोट यांच्यामधल्या बेचक्याएवढ्याच कातडीत संपतो. बहुतेक निदान या नकाशावरच होते. बधिरता नेमकी कुठे आहे हे रुग्णाने बोटाने दाखवले, की कोणती नस आणि ती साधारण कुठे अडली आहे, याचा अंदाज येतो.

फिलाडेल्फियाचे शल्यचिकित्सक थॉमस जॉर्ज मॉर्टन यांनी १८७६ साली चवड्याच्या एका विचित्र दुखण्यावर लेख लिहिला. चौथ्या बोटाच्या बुडाशी असलेला सांधा हे त्याचे मूळ, असे त्यांचे मत होते, आणि तो सांधाच काढून टाकावा असा उपाय त्यांनी सुचवला. सांध्याविषयीचा त्यांचा तर्क पुढे टिकला नाही, नाव मात्र टिकले. खरे तर इटलीचे शरीरशास्त्रज्ञ फिलिप्पो चिव्हिनिनी यांनी १८३५ मध्येच नसेवरची ही सूज शवविच्छेदनात पाहिली होती आणि इंग्लंडचे लुईस डरलाकर यांनी १८४५ मध्ये तिच्या वेदनेचे वर्णन केले होते. वैद्यकात नाव कोणाचे लागेल याला न्यायाचा फारसा नियम नसतो.

दुखणे असे असते : चालताना चवड्यात, बहुतेक वेळा तिसऱ्या आणि चौथ्या बोटांच्या मध्ये, जळजळ होते किंवा वीज चमकल्यासारखी कळ येते. चपलेत खडा गेला आहे असे वाटते आणि चप्पल झटकली तरी खडा निघत नाही. जोडा काढून पाय चोळला की बरे वाटते. ही खूण इतकी नेहमीची आहे की डॉक्टर ती मुद्दाम विचारतात. दोन बोटांच्या आतल्या बाजू बधिर होतात. मध्यमवयीन स्त्रियांमध्ये हा त्रास अधिक आढळतो. त्याचा दोष पुढून निमुळत्या आणि उंच टाचेच्या पादत्राणांकडे जातो, कारण त्यात चवडा आवळला जातो आणि बोटे वर वळतात. बोटांच्या लांब हाडांची डोकी एकमेकांना बांधणाऱ्या आडव्या पट्ट्याखाली नस दाबली जाते, घासली जाते आणि तिच्याभोवती तंतुमय ऊतक साचून ती जाड होते.

याला न्यूरोमा म्हणतात, पण नसेची गाठ या अर्थाने तो न्यूरोमा नाही. तो अर्बुद नव्हे आणि कर्करोगाशी त्याचा काही संबंध नाही. अहवालात ‘-ओमा’ वाचून घाबरलेल्या रुग्णाला हे स्पष्ट सांगणे हाही उपचाराचा भाग आहे. खरा न्यूरोमा होतो तो नस तुटल्यावर, तिच्या टोकाशी. म्हणजे इथे एक चमत्कारिक उलटापालट आहे : मॉर्टनच्या न्यूरोमावर नस कापून काढण्याची शस्त्रक्रिया केली, तर पुढे काही रुग्णांत त्या कापलेल्या टोकाला खराखुरा न्यूरोमा होऊन दुखणे परतते. म्हणून पुढून रुंद जोडे, हाडांच्या डोक्यांच्या जरा मागे बसवलेली छोटी गादी, गरजेप्रमाणे स्टिरॉइडचे इंजेक्शन हे आधी, चाकू शेवटी. चवडा दोन्ही बाजूंनी दाबत खालून बोटाने ढकलले असता ‘टक्’ असे जाणवते, ही खूण डच डॉक्टर मुल्डर यांनी १९५१ मध्ये नोंदवली. सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये ही सूज दिसते. मात्र काहीच त्रास नसलेल्या पायांतही ती दिसते, त्यामुळे फोटोपेक्षा लक्षण वरचढ.

दुसरे मॉर्टन म्हणजे डडली जॉय मॉर्टन. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी पायाच्या हाडांच्या रचनेवर काम केले. ‘द ह्यूमन फूट’ हा त्यांचा ग्रंथ १९३५ सालचा. अंगठ्यामागचे लांब हाड शेजारच्यापेक्षा आखूड असले की शरीराचा भार दुसऱ्या हाडावर सरकतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. अशा पायात दुसरे बोट अंगठ्यापेक्षा लांब दिसते. हेच मॉर्टनचे बोट. हा नसेचा विकार नव्हे, विकारच नव्हे. ती हाडांची एक ठेवण आहे आणि ती असलेल्या असंख्य माणसांना जन्मभर काही त्रास होत नाही. झालाच तर दुसऱ्या बोटाच्या बुडाशी दुखते, तिथली कातडी जाड होते, पण बोटे बधिर होत नाहीत. ‘मेटाटार्सल्जिया’ या शब्दाचा अर्थ फक्त ‘चवडा दुखतो’ एवढाच; तो वरच्या दोन्हींना आणि हाडाच्या बारीक तड्यापासून संधिवातापर्यंत अनेक कारणांना लागू पडतो. निदान म्हणून हा शब्द लिहिला असेल, तर निदान अजून व्हायचे आहे असे समजावे.

मॉर्टनच्या न्यूरोमाच्याच घराण्यात जॉप्लिनचा न्यूरोमाही मोडतो. त्यात अंगठ्याच्या आतल्या कडेची नस जोड्यावर घासून जाड होते. जागा वेगळी असल्याने गोंधळ कमी. मात्र अंगठ्याचा सांधा बाहेर आलेल्यांत सगळा दोष हाडाला दिला जातो आणि नस विसरली जाते.

आता बोगदे. मनगटातला कार्पल टनेल हाताचा; त्याचा पायाशी संबंध नाही. टार्सल टनेल आतल्या घोट्याच्या मागे असतो. वर एक मजबूत पट्टा, खाली हाड, आणि मधून तीन कंडरा, रक्तवाहिन्या आणि टिबियल नस. १९६२ मध्ये केक आणि लॅम यांनी स्वतंत्रपणे या जागी नस दबण्याला टार्सल टनेल सिंड्रोम असे नाव दिले. तळव्याची आग, मुंग्या, रात्री वाढणारा त्रास ही लक्षणे. पायाची वरची बाजू सहीसलामत राहते. घोट्यामागे बोटाने टिचकी मारली की मुंग्या तळव्यात पसरतात. या खुणेला फ्रेंच डॉक्टर टिनेल यांचे नाव आहे. मनगटाच्या बोगद्यात पुष्कळदा ठोस कारण सापडत नाही. घोट्याच्या बोगद्यात ते शोधावे लागते आणि बऱ्याचदा सापडते : द्रवाची गाठ, फुगलेल्या शिरा, पूर्वी मोडलेले हाड, सपाट पाऊल.

भारतात या यादीत कुष्ठरोगाला वरचे स्थान द्यावे लागते, आणि परदेशी पुस्तके वाचून हे ध्यानात येत नाही. कुष्ठरोगाचे जंतू शरीराच्या तुलनेने थंड भागातल्या नसांत वाढतात. घोट्यामागची टिबियल नस त्यांच्या ठरलेल्या जागांपैकी एक. नस बोगद्याच्या जरा वर जाड होते, हाताला लागते, आणि तळवा बधिर होतो. गुडघ्याबाहेरची पेरोनियल नस सापडली तर पाऊल लटके पडते. अमरावतीचे तपोवन, वरोऱ्याचे आनंदवन अशा संस्थांमध्ये बोटे झडलेले जे पाय पाहिले गेले, त्यांची हानी बहुतांशी जंतूंनी थेट केलेली नव्हती. संवेदना गेलेल्या पायावर माणूस जखम घेऊन चालत राहिल्याने ती झाली होती. वेल्लोरला काम केलेल्या पॉल ब्रँड यांनी ही गोष्ट जगाला पटवली, आणि कुष्ठरोग्यांच्या पायांवरून शिकलेले पुढे मधुमेहींच्या पायांना उपयोगी पडले. तळव्याच्या बधिरतेबरोबर अंगावर फिकट, संवेदनाहीन चट्टा असेल, तर बोगद्याची शस्त्रक्रिया ठरवण्याआधी कुष्ठरोगाची तपासणी व्हायला हवी. औषधे सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात.

‘अँटीरियर’ म्हणजे पुढचा टार्सल टनेल हा नावाने जुळा, पण नस दुसरी, बाजूही दुसरी. इथे पायाच्या वर, घोट्याच्या पुढे पेरोनियलची खोल शाखा दबते. बुटाची नाडी करकचून आवळणाऱ्यांना हे होते, आणि मुंग्या येतात त्या अंगठा आणि दुसऱ्या बोटाच्या बेचक्यात. नाडी सैल करणे हा बहुधा पुरेसा पहिला उपाय.

टाचेचा घोळ सगळ्यांत घरगुती आहे, कारण टाच दुखली की ‘हाड वाढलंय’ हे निदान शेजारीही करतात. क्ष-किरणात दिसणारा टाचेचा काटा बहुतेकदा निरुपद्रवी असतो. सकाळी अंथरुणातून उठून टाकलेले पहिले पाऊल झोंबते आणि चार पावलांनी कमी होते, ते तळव्याच्या पट्ट्याचे दुखणे, प्लांटर फॅसायटिस. नसेचे दुखणे उलट चालण्याने दिवसभरात वाढते, टाचेच्या आतल्या बाजूला असते आणि त्यात आग किंवा मुंग्या असतात. टाचेखालून जाणारी टिबियल नसेची बारीक शाखा अमेरिकन शल्यचिकित्सक बॅक्स्टर यांच्या नावाने ओळखली जाते. ती दबल्यास करंगळी बाजूला फाकवण्याची ताकद कमी होते, पण ते अनेक निरोगी माणसांनाही जमत नाही, त्यामुळे या खुणेवर फार भिस्त ठेवता येत नाही.

झाँ-मार्तां शार्को हे पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातले एकोणिसाव्या शतकातले थोर मज्जाविकारतज्ज्ञ. १८८६ मध्ये त्यांनी पिएर मारी यांच्यासह एका विकाराचे वर्णन केले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये हॉवर्ड टूथ यांनीही केले. तिघांची आडनावे जोडून शार्को-मारी-टूथ हे नाव झाले. दातांचा इथे संबंध नाही. हा आनुवंशिक विकार आहे, साधारणपणे अडीच हजारांत एकाला असतो असे मानले जाते. नसांचे आवरण किंवा आतला धागा जनुकदोषामुळे हळूहळू निकामी होतो. तळव्याची कमान उंच होते, बोटे आकडेदार वळतात, पोटऱ्या बारीक होतात, मूल ठेचकाळू लागते. दोन्ही पायांत, वर्षानुवर्षे, सावकाश. घरातल्या इतरांचे पाय पाहिले तर निदान अर्धे होते.

‘शार्को फूट’ हा या विकाराचा भाग नव्हे. १८६८ मध्ये शार्को यांनी उपदंशाने मज्जारज्जू बिघडलेल्या रुग्णांत सांधे ढासळताना पाहिले. पुढे १९३६ मध्ये विल्यम जॉर्डन यांनी मधुमेहात तसेच घडते हे नोंदवले, आणि आज जगभर मधुमेह हेच त्याचे मुख्य कारण आहे. संवेदना गेलेल्या पायाला लहानशी इजा होते, माणसाला कळत नाही, तो चालत राहतो. हाडांत दाह भडकतो, ती मऊ होतात आणि भाराखाली मोडतात. कमान खाली कोसळते, तळवा बाहेर फुगतो, तिथे जखम होते.

सुरुवातीला पाय लाल, गरम आणि सुजलेला असतो. दुखते मात्र फार कमी, किंवा नाहीच. क्ष-किरण पहिल्या आठवड्यांत पूर्ण स्वच्छ येऊ शकतो. त्यामुळे ‘मुरगळला’, ‘गाऊट’, ‘जंतुसंसर्ग’ अशी निदाने होतात आणि रुग्ण प्रतिजैविके घेत त्याच पायावर घरकाम, देवदर्शन सुरू ठेवतो. वेगळे ओळखण्यासाठी तपासायच्या गोष्टी साध्या आहेत. ताप नाही, कातडीवर जखम नाही. आडवे होऊन पाय काही वेळ उंच धरला की लाली ओसरते. जंतुसंसर्गात ती तशीच राहते. त्वचेच्या तापमापकाने गरम पाय दुसऱ्यापेक्षा सुमारे दोन अंश सेल्सिअसने अधिक भरतो. जखम असेल तर दोन्ही एकत्रही असू शकतात, तेव्हा एमआरआय लागतो. उपचार एकच, आणि तो तातडीचा : पायावरचा भार काढणे, शक्य तर गुडघ्यापर्यंत घट्ट बसणारे प्लास्टर, काही महिने. मधुमेही माणसाचा एकच पाय गरम आणि सुजलेला असेल, तर दुसरे काही सिद्ध होईपर्यंत तो शार्को फूट धरावा, हा नियम दवाखान्याच्या भिंतीवर लिहिण्यासारखा आहे.

मधुमेहातली न्यूरोपथी मात्र यापैकी कशातच मोडत नाही, ती या सगळ्याची जमीन आहे. ‘न्यूरोमा’ एका जागी, ‘न्यूरोपथी’ म्हणजे नसांचा बिघाड, आणि मधुमेहात तो दोन्ही पायांत बोटांपासून सुरू होऊन मोज्याच्या आकाराने वर चढतो. एकाच पायात, एकाच बेचक्यात असलेला बधिरपणा मधुमेहाच्या खात्यावर टाकून गप्प बसू नये. मधुमेही माणसालाही मॉर्टनचा न्यूरोमा होतो. तसेच दोन्ही पायांची आग नेहमी साखरेचीच नसते. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता शाकाहारी घरांत सहज आढळते, मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांतही आढळते, आणि ती साध्या रक्ततपासणीत कळते. दारू आणि थायरॉईड यांचीही चौकशी लागते. कमरेतून दबलेल्या नसेचा त्रास पाठीपासून पायात उतरतो आणि खोकल्याने वाढतो, पायापुरता राहत नाही.

नसांची विद्युत तपासणी घोट्याच्या बोगद्यात आणि न्यूरोपथीत मदत करते. मॉर्टनच्या न्यूरोमात ती फारशी कामाची नाही, आणि फक्त बारीक तंतू बिघडले असतील तर पायांची आग असूनही ती सामान्य येते. संरक्षक संवेदना गेली आहे का, हे पाहायला त्याहून स्वस्त साधन आहे : दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा. डोळे मिटलेल्या रुग्णाच्या तळव्याला तो ठिकठिकाणी टेकवतात. टेकल्याचे कळत नसेल, तर त्या पायाला अनवाणी चालू देऊ नये, आणि त्याचा तळवा रोज रात्री घरातल्या कोणीतरी उजेडात पाहावा.