खरे सांगणारा एकटा पडू नये



आज आम्ही आपणांस अमेरिकेतील एका निवृत्त इंजिनिअरचे स्मरण करून देणार आहोत. त्यांचे नाव बॉब एबलिंग. 'चॅलेंजर' अवकाशयानाची रॉकेटे बनविणाऱ्या कंपनीत ते नोकरीस होते. कडक थंडीत रॉकेटच्या सांध्यांतील रबरी कडी ताठर होते व तापलेला वायू बाहेर फुटू शकतो, हे त्यांनी व सहकाऱ्यांनी ओळखले होते. २७ जानेवारी १९८६ रोजी त्यांनी उड्डाण थांबविण्याचा आग्रह धरला. वरिष्ठांनी तो डावलला. यान फुटणार, असे त्यांनी त्या रात्री घरी पत्नीला सांगितले. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत तसेच घडले. सात अंतराळवीरांचे प्राण गेले.

एबलिंग यांनी लवकरच निवृत्ती घेतली. पुराने उद्ध्वस्त झालेल्या बेअर रिव्हर पक्षी अभयारण्यासाठी ते अनेक वर्षे विनामोबदला राबले. पण आपण कमी पडलो, ही टोचणी तीस वर्षे गेली नाही. २०१६ साली त्यांची रेडिओवरील मुलाखत ऐकून शेकडो लोकांनी पत्रे लिहिली. आजारी वडिलांना मुलीने ती वाचून दाखविली. मन हलके झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये, ८९ व्या वर्षी, ते गेले.

मित्रहो, निर्णय दुसऱ्यांचा, ओझे मात्र सांगणाऱ्याने वाहिले. आपल्या कचेऱ्यांतही चुकीच्या कागदावर सही नाकारणारा असाच एकटा पडतो. त्याला धीराचे दोन शब्द त्याच दिवशी, त्याच्या घरी जाऊन सांगावेत, एवढीच आमची विनंती.