आधी कोणी विचारायचं?
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



शाळेत असताना मी वर्गातल्या मुलांशी चार शब्दही बोलले नव्हते. आज माईकवरून लग्नाविषयी बोलणार आहे. सर, रागावू नका, विषय गणिताचाच आहे.

१९६२ मध्ये डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी एक कोडं सोडवलं. जितकी मुलं, तितक्याच मुली आणि प्रत्येकाची पसंतीची यादी. मुलाने यादीतल्या पहिल्या मुलीला विचारायचं. मुलीने आलेल्यांतला सर्वांत बरा तूर्त धरून ठेवायचा, बाकीच्यांना नकार. नकार मिळालेल्याने पुढच्या नावाकडे जायचं. शेवटी अशा जोड्या जमतात की, आपापले जोडीदार सोडून एकमेकांकडे जावं असं कोणत्याही दोघांना वाटत नाही. शॅप्लींना २०१२ साली अल्विन रॉथ यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आयआयटी-एनआयटीचे संयुक्त प्रवेश २०१५ पासून याच तत्त्वावर होतात.

इंजिनिअरिंगला असताना मी हा प्रोग्राम लिहिला, तेव्हा एक गोष्ट मनाला लागली. अशा टिकाऊ जोड्या अनेक प्रकारे जमू शकतात. पण त्यांतलं सर्वांत चांगलं विचारणाऱ्याच्या वाट्याला येतं आणि वाट बघणाऱ्याला सर्वांत कमी. याद्या त्याच असतात. फरक फक्त आधी कोण विचारतं याचा.

मला आमची मेढ्यातली ओसरी आठवली. पोहे व्हायचे, 'कळवतो' म्हणून मंडळी जायची आणि घर पोस्टमनची वाट बघायचं.

नोकरीला लागल्यावर पुण्यात मीच एकाला विचारलं. तो नाही म्हणाला. आठवडाभर जेवण गोड लागलं नाही. वर्षभराने दुसऱ्याला विचारलं. तो आज मागच्या रांगेत बसला आहे.

अण्णा दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. लोकांची बोलणी हा खर्च मी हिशेबात धरलाच नव्हता. तो आईने भरला. मी पुण्यात होते. पाण्याला, बाजाराला, लग्नकार्याला तीच जात होती. तिने मला कधी ते बोलून दाखवलं नाही. ती गेल्यावर मावशीकडून कळलं.

गेल-शॅप्लींचं गणित जोडी जमेपर्यंतचं. पुढचा संसार त्यात नाही, आणि आईही नाही.

आता आपल्यापैकी कित्येकांच्या मुली लग्नाच्या वयाला येत आहेत. एखादीने स्वतःहून कोणाला विचारलं, तर विचारू द्या. आणि त्याची किंमत तिच्या आईला एकटीला भरायला लावू नका.