खर्ड्याच्या नकाशातले नऊ सेंटीमीटर

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



स्थलनिर्देशक नकाशाचा प्रश्न मला परीक्षेत कधी सुटला नाही. भूगोलाचे सर समोरच बसलेत, म्हणून आधीच कबूल करतो. पुढे मोजणीतच नोकरी लागली आणि त्याच समोच्चरेषांवर घर चालले!

निवृत्तीनंतर खर्ड्याचा भुईकोट मोजायला घेतला. मिरजगावहून आपली सहल तिथे गेली होती, आठवते ना? 1795 च्या मार्चमधली मराठे-निजाम लढाई आपण सगळ्यांनी पाठ केली. पण एवढी फौज असलेला निजामअली किल्ल्यात शिरला आणि तहाला का आला, हे पाठांतराने कळत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 च्या नकाशात एक सेंटीमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. त्यात भुईकोट एवढासा दिसतो, भोवतालचे बारीक चढउतार तर रेषांच्या मधेच हरवतात. म्हणून मी अर्ध्या मीटरच्या रेषा काढायच्या ठरवल्या.

पट्टी धरायला आपल्याच वर्गातला एक शेतकरी मित्र आला. पहिल्या दिवशी फेरी पूर्ण करून सुरुवातीच्या दगडावर आलो, तर उंचीत नऊ सेंटीमीटरचा फरक. ऊन मी म्हणत होते. मी म्हणालो, "जाऊ दे, सगळ्या बिंदूंवर थोडा थोडा वाटून टाकू. अर्ध्या मीटरच्या रेषेत कुणाला दिसणार नाही."

तो म्हणाला, "अरे, दारं धरताना नऊ सेंटीमीटर चढ आला तर माझा अर्धा वाफा कोरडा राहतो." मग जरा थांबून, "आणि चूक माझीच असंल. चहा पिऊन आलो तेव्हा पट्टी बहुतेक शेजारच्या दगडावर ठेवली."

एवढी वर्षे मोजणी करून मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी सगळी फेरी पुन्हा केली.

नकाशा पुरा झाला तेव्हा दिसले ते असे. तटाखाली उभे राहिले की भिंत केवढी उंच वाटते. कागदावर मात्र किल्ला सखल जागी आहे आणि भोवतालच्या टेकड्या त्याच्या वर. टेकडीवर तोफ चढवणाऱ्याच्या माऱ्यात आतली माणसे आलीच. त्यात मार्च महिना आणि आपल्याकडचे ओढे. निजामाच्या फौजेचे पाण्यावाचून हाल झाले म्हणतात, ते आपल्या भागातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

नकाशा शाळेसाठी आणला आहे. खाली मोजणाऱ्यांत मित्राचेही नाव घातले आहे, त्याला न विचारता. सर, या वेळी तपासून मार्क द्या.