साधर्मिक वात्सल्य आणि बालसेवा

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यान, धंतोली, नागपूर)



पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या संस्थेने आपल्या वास्तूचा आणि निधीचा हिशेब मांडावा, हे स्वाभाविक आहे. त्याबरोबर आणखी एक हिशेब मांडावा लागतो. या पन्नास वर्षांत किती बालकांच्या आयुष्याला आधार मिळाला, हा तो हिशेब होय. जैन परंपरेने आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. निराधार बालकाला ही चारही दाने एकाच वेळी लागतात. त्याला जेवू घातले आणि शाळा दिली नाही, किंवा शाळा दिली आणि मायेचे माणूस दिले नाही, तर दान अपुरे राहते. म्हणूनच महाराष्ट्रातील जैन समाजाच्या बालसेवेचा इतिहास हा बऱ्याच अंशी वसतिगृहांचा इतिहास आहे.

१८९९ साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली. समाज प्रामुख्याने शेतकरी होता आणि शिक्षणात मागे होता. खेड्यातील मुलाने शहरात शिकायचे तर राहायचे कोठे, जेवायचे कोठे, हा पहिला प्रश्न होता. सभेच्या नेत्यांनी तो ओळखला आणि जैन बोर्डिंगे उभी राहिली. एका पंगतीत जेवणाऱ्या मुलांमध्ये बंधुभाव रुजला आणि त्यांतून समाजाची पुढची पिढी घडली. साधर्मिक वात्सल्याचे ते उत्तम उदाहरण होते.

कोल्हापूरच्या अशाच बोर्डिंगमध्ये कुंभोज गावी १८८७ साली जन्मलेला एक विद्यार्थी राहत होता. त्याचे नाव भाऊराव पायगोंडा पाटील. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या उद्घाटनाला तो गेला. परत आल्यावर स्नान करून शुद्ध होण्यास त्याने नकार दिला आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले. हा प्रसंग समारंभात सहसा सांगितला जात नाही, पण सुवर्णमहोत्सवात तो आवर्जून आठवावा असा आहे. ज्या बोर्डिंगने मुलांना जवळ केले, त्याच बोर्डिंगचे दार एका मुलासाठी बंद झाले. वात्सल्याला सीमा पडली की त्याचे काय होते, हे त्यातून दिसते.

भाऊरावांनी मनात कटुता धरली नाही. त्यांनी दार मोठे केले. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई सनातनी जैन घराण्यातल्या होत्या. तरीही सर्व जातींची ही मुले त्यांनी पोटच्या मुलांप्रमाणे सांभाळली. मुलांच्या जेवणाला पैसे उरले नाहीत तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या निवर्तल्या. कर्मवीरांचे नाव सर्वतोमुखी आहे. या माउलीचे नावही प्रत्येक जैन घरात घेतले जावे.

हीच परंपरा आपल्या काळात पुन्हा प्रकट झाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी गणेशविसर्जन करून निजलेली गावे ढिगाऱ्याखाली गेली. श्री. शांतिलाल मुथ्था यांनी १९८५ साली स्थापन केलेली भारतीय जैन संघटना मदतीला धावली. अन्नधान्य आणि वस्त्रे अनेकांनी दिली. संघटनेने आणखी पुढचे पाऊल टाकले आणि सुमारे १,२०० मुलांना पुण्यात आणून त्यांच्या निवासाची व शिक्षणाची जबाबदारी घेतली. यांपैकी कोणालाही त्यांचा धर्म विचारला गेला नाही. वाघोलीच्या शैक्षणिक पुनर्वसन केंद्रात पुढे आपल्या विदर्भातील मेळघाटची आदिवासी मुलेही आली, आणि त्यानंतर आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची मुलेही. २००१ च्या गुजरात भूकंपानंतर याच संघटनेने कच्छ भागात ३६८ शाळा उभारल्या.

अशा कार्यात नेतृत्व म्हणजे व्यासपीठावरील खुर्ची नव्हे. मदतीचा ट्रक एका दिवसात रिकामा होतो. मुलाची जबाबदारी मात्र दहा-दहा वर्षे चालते. त्याचे आजारपण, परीक्षा, रुसवा आणि रात्रीचे रडणे या सर्वांना कोणीतरी हजर असावे लागते. हे एकट्यादुकट्याचे काम नाही, त्यासाठी संघ लागतो. कार्यकर्त्यांचा परस्परस्नेह बालसेवेला म्हणूनच आवश्यक आहे.

आता धंतोलीकडे पाहू. ही वसाहत रुग्णालयांसाठी सर्व विदर्भात ओळखली जाते. गडचिरोली, गोंदिया, मेळघाट, तसेच बालाघाट व छिंदवाड्याकडूनही आजारी मुलांना घेऊन आईवडील येथे येतात. मूल आत खाटेवर असते, बाप औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन फिरतो आणि धाकटे भावंड पायरीवर झोपी जाते. किल्लारीला जाण्यासाठी शेकडो किलोमीटरचा प्रवास करावा लागला होता. हे मूल मात्र मंदिराच्या वाटेवरच भेटते. त्याला दोन वेळचे सात्त्विक भोजन, आईला निवारा, औषधाला हातभार आणि बुडालेल्या शाळेसाठी रोज तासभर शिकवणारी एखादी श्राविका मिळाली, तर चारही दाने एकाच ठिकाणी घडतील.

सुपात्रदानात पात्रतेचा विचार आहे. अनुकंपादानात तो नाही, तेथे दुःख दिसले एवढेच पुरेसे आहे. जीवांनी परस्परांना उपकारक व्हावे, ही तत्त्वार्थसूत्राची शिकवणही केवळ साधर्मिकांपुरती नाही. समाजाच्या स्वतःच्या मुलांची चिंता वाहणे हे कर्तव्यच आहे, आणि पहिल्या पन्नास वर्षांचा पाया त्यावरच रचला गेला आहे. पुढील पन्नास वर्षांत ट्रस्टचे दार पायरीवर निजलेल्या त्या भावंडासाठीही उघडले, तर हा महोत्सव सार्थकी लागेल.

जय जिनेंद्र!