उत्रोलीच्या वरकसात मुसळी

पहिल्या पावसाने भोरच्या डोंगरांवर फोडशी उगवते, ती आपण खुडून भाजी करतो. तिच्याच गणगोतातली पांढरी मुसळी मात्र आता रानात शोधावी लागते. कंदांना भाव आहे, म्हणून लोक खणतात, आणि बी पडायच्या आतच खणतात. मग पुढच्या साली उगवणार काय? मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजचे फादर सांतापाऊ आणि फर्नांडिस यांनी १९५०च्या दशकात या मुसळीचं वर्णन केलं. तिच्या शास्त्रीय नावात बोरिवलीचं नाव आहे, म्हणजे ती आपल्या सह्याद्रीचीच लेक.

रानात दुर्मीळ झाली तरी ती शेतात येते. भोर तालुक्यातल्या उत्रोलीत करायची तर भाताच्या खाचराकडे बघू नका. पाणी साचलं की कंद कुजतो. वरची, निचऱ्याची वरकस पट्टी घ्या, चांगलं कुजलेलं शेणखत घाला आणि गादीवाफे उंच बांधा. कच्चं शेणखत टाकलंत तर हुमणीला आमंत्रण, आणि कंद खाणारी हुमणी एकदा आत शिरली की पीक गेलंच समजा. निंबोळी पेंड वाफ्यातच मिसळावी. लावणी मृगात. प्रत्येक कंदाच्या माथ्याला खोडाच्या चकतीचा तुकडा चिकटलेला हवा, नाहीतर कोंब फुटत नाही. पानं गवतासारखी दिसतात, तेव्हा खुरपणी जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. तणनाशकाला इथे जागा नाही.

हस्ताच्या सुमारास पानं पिवळी पडून झडतात. इथेच घाई होते. पानं गेली म्हणून लगेच खणलं, तर कंद पाणचट निघतात. साल काळपट होईपर्यंत, मार्गशीर्ष-पौषापर्यंत, ते मातीतच मुरू द्या. फक्त रानडुकरांवर नजर ठेवा, त्यांना हा माल आपल्याआधी कळतो. काढल्यावर धुवायचं, साल खरवडायची, स्वच्छ फडक्यावर उन्हात वाळवायचं. पाच किलो ओल्या मुसळीचा साधारण एक किलो सुका माल होतो. पांढरा, कडक, डागाविना असेल तरच दर मिळतो. सोलायचं काम किचकट आहे. मजुरीचा हिशेब आधी मांडा, मागून नको.

२०००च्या आसपास मुसळीची मोठी हवा उठली होती. अवाच्या सवा दराने बेणं विकलं गेलं, माल परत घेण्याची आश्वासनं दिली गेली आणि माल निघाला तेव्हा घेणारे गायब. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ स्थापन झालं तेही २०००मध्येच, पण आश्वासनांच्या कागदांपुढे सल्ला कोण ऐकणार! म्हणून माझं मत साफ आहे : बेणं घेण्याआधी गिऱ्हाईक शोधा, एखाद्या औषध कारखान्याशी किंवा वैद्याशी बोला, आणि एकरात नव्हे, दोन गुंठ्यांत सुरुवात करा. सेंद्रिय म्हणून विकायचं असेल तर शेजारच्या चार शेतकऱ्यांना घेऊन गट प्रमाणपत्राची चौकशी तालुका कृषी कार्यालयात करा.

पहिल्या वर्षी सगळं विकू नका. चकतीसकट निवडक कंद सावलीत, कोरड्या वाळूत ठेवा. मे अखेरीस त्यांनाच कोंब दिसू लागतील.