आधी खुंटा, मग गाय

(अंबरनाथच्या शिवमंदिर परिसरात झालेल्या मेळाव्यात आपल्या एका सदस्य ताईंनी केलेलं भाषण)



अध्यक्षताई म्हणाल्या, "गाडीबद्दल चार शब्द बोल." तुम्हाला वाटलं असेल, ही आता बेचाळिसाव्या वर्षी लायसन कसं काढलं ते सांगणार. तेही सांगायला आवडलं असतं. पण आज मी माझी फजिती सांगणार आहे, कारण तुमच्या उपयोगाची तीच आहे.

आमचा गट बदलापूरच्या पुढे, वांगणीच्या बाजूला. आम्ही डबे करतो. अंबरनाथच्या एमआयडीसीत डबे पोचवायला टेम्पोचं भाडं इतकं जायचं की हातात काही उरायचं नाही. म्हणून जुनी, छोटी इलेक्ट्रिक कार घ्यायचं ठरवलं. बँकेचं कर्ज काढलं आणि गटाकडून 50 हजार रुपये अंतर्गत कर्ज घेतलं. सभेत सगळं विचारलं गेलं. किंमत किती, हप्ता किती, विमा आहे का, कागद कुणाच्या नावावर. ही गाडी चार्ज कुठे करणार, हे मात्र कुणीच विचारलं नाही. मीही विचार केला नाही. मोबाइल लावतो तशी घरी लावायची, एवढंच डोक्यात.

पहिल्या रात्री प्लग लावला तर चार्जरवर लाल दिवा. वायरमनला बोलावलं. तो म्हणाला, "ताई, तुमच्याकडे अर्थिंगच नाही. तिसरं भोक नुसतं शोभेला आहे." अर्थिंग नसेल तर गाडी चार्जिंग घेतच नाही. ते आपल्याच जिवासाठी असतं. खड्डा खणला, अर्थिंग केलं. गाडी चार्ज व्हायला लागली. दोन तासांनी जळका वास आला. प्लग तपकिरी झाला होता आणि वायर हाताला चटका देत होती.

का झालं? आमच्या घराचा मंजूर भार 1 किलोवॅट. 15 अँपिअरच्या प्लगवर गाडी जवळजवळ 3 किलोवॅट ओढते. इस्त्री दहा मिनिटं चालते, पण गाडी सात-आठ तास ओढत राहते. घरातली जुनी बारीक वायर ते कसं झेलणार? भार वाढवायचा अर्ज केला, नवीन वायरिंगला पैसे जमवायला लागले. तोपर्यंत गाडी कुठे लावायची?

इथे शिवमंदिराजवळ माझ्या चुलत आत्या राहतात. तळमजल्याचं घर, वायरिंग नवं. त्या म्हणाल्या, "लाव गं इथे, पैसे कसले घेतेस!" मला बरं वाटलं. एकदा मसाला दिला, एकदा पापड दिले. मनात म्हटलं, झाली परतफेड. पण तायांनो, माझ्या गाडीची बॅटरी 19 युनिटची. पूर्ण भरायला मीटरवर साधारण 22 युनिट पडतात. महिन्यात आठ वेळा लावली की 176 युनिट. आपल्या घरगुती बिलात 100 युनिटांच्या पुढे दर वाढतो, 300 च्या पुढे आणखी वाढतो. म्हणजे माझ्या गाडीमुळे आत्यांचे स्वतःचे युनिटही महागाच्या टप्प्यात ढकलले गेले. बिल आलं. आत्या एका शब्दानेही बोलल्या नाहीत. फक्त पुढच्या वेळी म्हणाल्या, "आज पाहुणे यायचेत, उद्या बघू." मग परत उद्या. नात्यातलं माणूस तोंडाने मागत नाही. आपल्याला ते चेहऱ्यावरून कळायला हवं. मला कळलं, पण विचारायची लाज वाटली.

त्यातच महाशिवरात्र आली. एका कारखान्यातून साबुदाणा खिचडीच्या 60 डब्यांची ऑर्डर होती. उपवासाची खिचडी, म्हणजे त्याच दिवशी, वेळेवरच जायला हवी. दोन दिवस चार्जिंग नव्हतं. सकाळी निघताना गाडीत 16 टक्के. वाटेत बदलापुरात मोबाइलवर सार्वजनिक चार्जर दिसला, तिथे गेले. दोन मशीन होती. एकाचा पडदा काळा. दुसऱ्यासमोर पेट्रोलची गाडी उभी, मालकाचा पत्ता नाही. चाळीस मिनिटं थांबले आणि तशीच पुढे निघाले. शिवरात्रीला इथली यात्रा केवढी असते, तुम्हाला माहीतच आहे. हे देऊळ शके 982 चं, म्हणजे इसवी सन 1060 चं. एवढी वर्षं माणसं येतायत, आणि मी मात्र रस्ते बंद असतील हे विसरले! वळसा घालता घालता 4 टक्क्यांवर गाडी रांगायला लागली. शेवटी बाजूला घेतली. दोन रिक्षा करून डबे पाठवले. दीड तास उशीर झाला. पैसे कापले गेले आणि पुढची ऑर्डर दुसऱ्याला गेली.

त्या महिन्याचा गटाचा हप्ता मी भरू शकले नाही. पुढच्याही महिन्याचा नाही. ज्या बायकांनी विश्वासाने पैसे दिले त्यांच्यासमोर मान खाली घालून उभी राहिले. वाटलं, गाडी विकून टाकावी.

आमच्या गटातल्या एक आजी कधी शाळेत गेल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "गाय आणायच्या आधी खुंटा बघतात. तू खुंट्याशिवाय गाय आणलीस. आता विकू नको, खुंटा ठोक." आणि सचिवताईंनी विचारलं, "आत्यांकडे किती युनिट जाळलेस, वही आहे का?" वही नव्हती. गटात रुपयाचा हिशेब लिहिणारी मी, विजेचा हिशेब लिहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आत्यांकडे गेले, चूक कबूल केली आणि मागचे पैसे दिले. त्यांच्या प्लगला वेगळा छोटा मीटर बसवला. आता दर वेळी आकडा वहीत लिहिते. त्यांचं बिल आलं की माझ्या युनिटांचे, सगळ्यात वरच्या दराने, पैसे देते आणि सही घेते. आत्या आता स्वतःच फोन करतात, "आज येणार ना गं?" नातं फुकटात टिकलं नाही, हिशेबाने टिकलं.

घरी भार वाढवून घेतला. मीटरपासून गाडीसाठी वेगळी जाड वायर, वेगळा एमसीबी. प्लग छातीइतका उंच लावला. 27 जुलै 2019 ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती, ते पाणी आपण विसरलेलो नाही. थकलेले दोन्ही हप्ते दंडासकट भरले.

आता तुमच्यासाठी. 2024 मध्ये राज्याची पिंक ई-रिक्षा योजना आली. 20 टक्के सरकार, 70 टक्के बँकेचं कर्ज, 10 टक्के आपले. ती निवडक शहरांपुरती आहे. पण रिक्षा, स्कूटर, कार, कशासाठीही गटात कर्जाची मागणी आली, तर आधी हे विचारा:

रात्री गाडी कुठे उभी राहणार? तिथे अर्थिंग आहे का? मंजूर भार किती? तो बिलावर लिहिलेला असतो. जाण्या-येण्याच्या वाटेवर दुसरी जागा कोणती? तिथे पैसे कसे देणार, ते लिहून ठेवलंय का? सार्वजनिक चार्जरचा प्लग आपल्या गाडीला बसतो का? कारचा मोठा प्लग रिक्षाला, स्कूटरला बसत नाही. एक्स्टेन्शन बोर्डावर गाडी लावू नका. आणि 30 टक्क्यांच्या खाली आल्यावर चार्जर शोधायला निघू नका.

अजून एक. चार्जिंग केंद्र काढायला वेगळा परवाना लागत नाही, असं केंद्र सरकारने 2018 मध्येच स्पष्ट केलंय. महावितरणकडे त्यासाठी वेगळा दर आणि वेगळी जोडणी आहे. रस्त्याकडेला जागा असलेल्या एखाद्या गटाला हा धंदा होऊ शकतो. पण लगेच कर्ज काढू नका. महिनाभर रस्त्यावर बसून गाड्या मोजा, वहीत लिहा, मग सभेत आणा.

माझी गाडी बाहेर उभी आहे. 71 टक्के आहे. ज्यांना वांगणीकडे जायचंय त्यांनी चला, तीन जागा आहेत.